शेकर चाचणीत एकाच मोडचे डॅम्पिंग दोन पद्धतींनी वेगळे का येते?

सेतुबंध

नमस्कार. एका पोलादी पादचारी पुलाच्या शेकर चाचणीचे (यंत्राने मोजलेले बळ देऊन पूल हलवण्याच्या चाचणीचे) विश्लेषण सध्या माझ्याकडे आहे आणि त्यात एका ठिकाणी काम अडले आहे, म्हणून हा धागा काढत आहे. पूल एकाच गाळ्याचा आहे. सरकत्या वस्तुमानाचा शेकर डेकवर उभ्या दिशेने बळ देईल असा ठेवला होता, आणि पहिल्या व दुसऱ्या अशा दोन्ही मोडना (कंपनाच्या नैसर्गिक प्रकारांना) बळ मिळावे म्हणून त्याची जागा गाळ्याच्या मध्यापासून थोडी बाजूला घेतली होती. सरकत्या वस्तुमानावर स्वतंत्र अ‍ॅक्सेलरोमीटर बसवलेला असल्याने वस्तुमान गुणिले त्वरण असे बळ थेट मिळते. डेकवर दोन्ही कडांना अ‍ॅक्सेलरोमीटर होते.

आधी रँडम सिग्नल देऊन सलग ४० मिनिटांची नोंद घेतली. तिचे ३२ सेकंदांचे ७५ तुकडे करून, प्रत्येकाला हॅनिंग विंडो (तुकड्याची दोन्ही टोके हळूहळू शून्यावर नेणारे वजन) लावून सरासरी एफआरएफ, म्हणजे प्रत्येक वारंवारतेला प्रतिसाद आणि बळ यांचे गुणोत्तर, काढला. नंतर शिखराच्या आसपास ०.०१ हर्ट्झच्या पायऱ्यांनी स्टेप्ड साइन (एका वेळी एकाच वारंवारतेचे बळ) घेतले. पहिल्या उभ्या मोडची वारंवारता दोन्हीकडे २.५ हर्ट्झच्या जवळच येते, मात्र डॅम्पिंग (कंपन विरण्याचे प्रमाण) रँडममधून १.१ टक्का आणि स्टेप्ड साइनमधून ०.५ टक्का येते. कोहेरन्स (प्रतिसादाचा मोजलेल्या बळाशी किती संबंध आहे याचे ० ते १ असे माप) इतरत्र उत्तम आहे. नेमका शिखरावर तो खाली येतो.

माझे प्रश्न दोन आहेत. अहवालात कोणता आकडा द्यावा? आणि वारा व वर्दळ यांमुळे होणाऱ्या कंपनांच्या नोंदीवरून मोड मिळत असताना शेकर नेण्याचा खटाटोप करावाच का, असा आक्षेप एका सहकाऱ्याने घेतला आहे, त्याबद्दल जाणकारांचे मत काय?

---

स्पंदनवेध

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतांशी तुम्हीच दिलेल्या आकड्यांत आहे. तुकडा ३२ सेकंदांचा असेल तर वर्णपटातील दोन रेषांमधील अंतर १ भागिले ३२, म्हणजे सुमारे ०.०३१ हर्ट्झ होते. डॅम्पिंग खरोखर ०.५ टक्का असेल, तर अर्धशक्तीच्या पातळीवर शिखराची रुंदी २ × ०.००५ × २.५, म्हणजे ०.०२५ हर्ट्झ भरते. शिखराची सगळी रुंदी दोन रेषांच्या मधल्या फटीतच मावते आहे. त्यावर हॅनिंग विंडो स्वतःच्या जवळजवळ दीड रेषेच्या रुंदीने ते शिखर आणखी पसरवते. तुम्ही जो १.१ टक्का मोजलात त्यात पुलाचा वाटा किती आणि विंडोचा किती, हे या नोंदीतून वेगळे काढता येणार नाही, कारण विंडोची रुंदी पुलाच्या रुंदीहून मोठी आहे.

कोहेरन्स शिखरावर खाली येणे हीसुद्धा लीकेजची (नोंद तुकड्यांत कापल्यामुळे येणाऱ्या या दोषाची) ओळखीची खूण आहे. पुलाचा प्रतिसाद पुष्कळ वेळ टिकतो. एका तुकड्यातील प्रतिसादाचा काही भाग आधीच्या तुकड्यातल्या बळामुळे आलेला असतो, आणि या तुकड्यातले काही बळ पुढच्या तुकड्यात प्रतिसाद देते. या तुकड्यातील बळ आणि याच तुकड्यातील प्रतिसाद यांचा संबंध त्यामुळे तुटतो, आणि तो सर्वांत जास्त तुटतो तो अनुनादावर, जिथे स्मृती सर्वांत लांब असते.

तुमची नोंद सलग साठवलेली असेल तर पुन्हा पुलावर जाण्याची गरज नाही. त्याच ४० मिनिटांचे २५६ सेकंदांचे तुकडे करा. ९ तुकडे मिळतील, आणि निम्मा भाग एकमेकांवर येऊ दिला तर १७. रेषांमधील अंतर ०.००४ हर्ट्झच्या खाली येईल. सरासरीसाठी तुकडे कमी उरल्यामुळे वक्र थोडा खडबडीत दिसेल, त्याची चिंता करू नका. शिखर अरुंद झाले आणि कोहेरन्सचा खड्डा भरून आला, तर निदान पक्के झाले असे समजा.

---

प्रयोगशाळा_तीन

स्पंदनवेध यांचे म्हणणे पटते, पण कोहेरन्सच्या खड्ड्याला दुसरेही कारण असू शकते आणि ते येथे नोंदवणे आवश्यक वाटते. अनुनादावर रचना इतक्या सहज हलते की शेकरकडून तिच्यात जाणारे बळ घटते; कॉइलने निर्माण केलेल्या बळाचा मोठा भाग शेकरच्या स्वतःच्या हलत्या भागालाच हलवण्यात खर्च होतो. अ‍ॅम्प्लिफायर व्होल्टेज पद्धतीत असेल तर कॉइलमधील विरोधी विद्युत्‌दाब त्यात भर घालतो. बळाच्या वर्णपटात नेमकी शिखराच्याच जागी खोल दरी दिसते आणि तेथे बळाचा सिग्नल गोंगाटाच्या पातळीला टेकतो.

एफआरएफ काढण्याच्या एच१ या अंदाजपद्धतीत भाजक म्हणून बळाचा स्ववर्णपट असतो, आणि बळातील गोंगाट त्या भाजकात मिसळून तो फुगवतो. परिणामी शिखर खरे असते त्याहून बुटके दिसते, आणि बुटके शिखर म्हणजे जास्त डॅम्पिंग. एच२ या दुसऱ्या पद्धतीत अंशात प्रतिसादाचा स्ववर्णपट असतो, त्यामुळे बळाच्या गोंगाटाचा हा दोष नसतो. तो प्रतिसादाच्या गोंगाटाला बळी पडतो. म्हणून शिखराजवळ एच२ आणि प्रतिअनुनादाच्या (जिथे प्रतिसाद जवळजवळ नाहीसा होतो त्या) दरीजवळ एच१ अधिक विश्वासार्ह मानतात. दोन्ही काढून एकमेकांवर ठेवा. त्यांचे गुणोत्तर म्हणजेच कोहेरन्स, त्यामुळे फरक कुठे पडतो ते लगेच दिसेल.

---

स्पंदनवेध

@प्रयोगशाळा_तीन, तत्त्व बरोबर आहे. पण टेबलावरच्या हलक्या नमुन्यावर जितकी खोल दरी पडते तितकी या पुलावर पडेल असे मला वाटत नाही. सरकते वस्तुमान काही दहा किलोंचे असते आणि पुलाचे मोडल वस्तुमान (त्या मोडमध्ये हलणारे परिणामी वस्तुमान) काही टनांचे. शिवाय येथे बळ मोजले जाते ते वस्तुमानाच्या त्वरणावरून. तरीही बळाचा वर्णपट एकदा पाहून घ्यावा हे मान्य, त्याला वेळही लागत नाही.

दोन कारणांमधला भेद ओळखण्याचा एक सोपा मार्ग आहे. तुकड्याची लांबी वाढवल्यावर खड्डा भरला तर दोष लीकेजचा होता. लांबी वाढवूनही खड्डा तसाच राहिला तर गोंगाट किंवा अरेषीयता (प्रतिसाद बळाच्या प्रमाणात न वाढणे) यांच्याकडे वळावे.

---

मंदगती

एक लहानसा प्रश्न. शेकरवरचा अ‍ॅक्सेलरोमीटर सरकत्या वस्तुमानाचे निरपेक्ष त्वरण मोजत होता ना? काही शेकरांना वस्तुमान आणि चौकट यांच्यातील सापेक्ष विस्थापनाचा सेन्सर असतो आणि त्याच्या वाचनावरून बळ काढले जाते. अनुनादावर डेक स्वतःच हलत असल्यामुळे त्या बळात आयाम आणि फेज (दोन कंपनांमधले मागेपुढे असण्याचे अंतर, अंशांत) दोन्हींची चूक येते.

---

सेतुबंध

@मंदगती, हो, सेन्सर थेट वस्तुमानावरच होता, त्यामुळे त्वरण निरपेक्षच आहे. नोंदही सलग साठवलेली आहे. स्पंदनवेध यांनी सुचवल्याप्रमाणे लांब तुकडे करून पाहतो आणि येथे कळवतो.

---

वाऱ्यावरची_नोंद

दुसऱ्या प्रश्नावर मी तुमच्या सहकाऱ्याच्या बाजूने उभा आहे. मोठ्या पुलांना आणि उंच इमारतींना वारा, वर्दळ, जमिनीचे सूक्ष्म कंप यांचे बळ चोवीस तास मिळतच असते. चांगले संवेदनशील सेन्सर आणि लांब नोंद असली की वारंवारता आणि मोड शेप (मोडमध्ये कुठला बिंदू किती हलतो) यांची उत्तम माहिती मिळते, वापर थांबवावा लागत नाही आणि जड यंत्र वर चढवावे लागत नाही.

शेकरच्या मर्यादेचा हिशेब कागदावर मांडून पाहा. ३० किलोचे वस्तुमान मध्यस्थितीपासून दोन्हीकडे साडेसात सेंटिमीटर सरकते असे धरा. ०.५ हर्ट्झला मिळणारे कमाल बळ सुमारे २२ न्यूटन आहे. १ हर्ट्झला ते ८९ होते आणि २ हर्ट्झला ३५५ च्या आसपास जाते, कारण विस्थापन ठरलेले असताना त्वरण वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ज्या लांब गाळ्याच्या पुलाचा पहिला मोड अर्ध्या हर्ट्झच्या खाली आहे त्याला २२ न्यूटनने काय कळणार? वारा त्याच पुलाला त्याहून कितीतरी जास्त बळाने हलवत असतो.

---

अनुनाद

@वाऱ्यावरची_नोंद, अतिलांब पुलांबद्दल तुमचे म्हणणे निर्विवाद आहे. पण सेतुबंध यांचा पूल अडीच हर्ट्झचा आहे आणि तेथे शेकर पुरेसे बळ देतो. प्रश्न बळाच्या आकाराचा नसून ते बळ ज्ञात असण्याचा आहे.

परिसरातल्या कंपनांत बळ मोजलेले नसते. तेव्हा मोड शेपचा आकार कळतो, त्याचे प्रमाण कळत नाही, आणि मोडल वस्तुमान कळत नाही. पुलाच्या संगणकीय प्रतिकृतीतून ते घेता येते, पण मग ज्या प्रतिकृतीची पडताळणी करायची तिच्यावरच आपण अवलंबून राहतो. चालणाऱ्या माणसांमुळे पूल किती हलेल हे सांगायचे असेल तर मोडल वस्तुमान आणि डॅम्पिंग हे दोन्ही आकडे लागतातच.

लंडनचा मिलेनियम पूल याचे सर्वपरिचित उदाहरण आहे. तो १० जून २००० रोजी खुला झाला, आडवा इतका हलला की दोन दिवसांत बंद करावा लागला, आणि डॅम्पर बसवून फेब्रुवारी २००२ मध्ये पुन्हा उघडला. त्या अभ्यासातून पुढे आलेल्या सूत्रानुसार पूल अस्थिर होण्यासाठी लागणारी माणसांची संख्या डॅम्पिंग, वारंवारता आणि मोडल वस्तुमान या तिघांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. हे सूत्र आडव्या हालचालीचे आहे, सेतुबंध यांचा मोड उभा आहे, याची मला जाणीव आहे. तरी मुद्दा तोच राहतो. डॅम्पिंग ०.५ ऐवजी १.१ टक्का धरले तर तुमची सुरक्षित संख्या कागदावर दुपटीहून जास्त होते. म्हणून हा फरक केवळ विश्लेषणातील बारकावा मानून सोडून देण्यासारखा नाही.

---

वाऱ्यावरची_नोंद

मोडल वस्तुमानाचा मुद्दा मला मान्य आहे. माझा आक्षेप सरसकट शेकर वापरण्याला होता.

---

पंख_आणि_कणा

विषय पुलांचा असला तरी विमानांच्या जमिनीवरील कंपन चाचणीचा अनुभव येथे उपयोगी पडेल, कारण ज्ञात बळाने मोड मोजण्याची शिस्त त्या क्षेत्रात फार लवकर रुजली. केनेडी आणि पॅन्कू यांनी १९४७ मध्ये प्रतिसादाचा आलेख जटिल प्रतलावर काढून अनुनादाजवळ तो वर्तुळाकार होतो हे वापरात आणले, आणि १९५० मध्ये लुइस आणि रिस्ली यांनी एकाच वेळी अनेक शेकर चालवून एकेक शुद्ध मोड उभा करण्याची पद्धत मांडली. त्या पद्धतीत सगळ्या शेकरांचे बळ एका फेजमध्ये ठेवून त्यांची परस्पर प्रमाणे आणि वारंवारता अशी जुळवत नेतात की रचनेच्या प्रत्येक बिंदूचे विस्थापन बळाच्या ९० अंश मागे राहील. ते साधले की बाहेरचे बळ फक्त त्या मोडच्या डॅम्पिंगला तोलत असते आणि शेजारचा मोड त्यात मिसळलेला नसतो.

ही पद्धत अत्यंत वेळखाऊ आहे. म्हणून आता बहुतेक मोड रँडम किंवा सरकत्या साइनच्या नोंदींवरून गणिताने वेगळे करतात आणि फडफडीच्या (हवेच्या प्रवाहामुळे वाढत जाणाऱ्या कंपनाच्या) दृष्टीने महत्त्वाचे, किंवा अरेषीय वागणारे, असे थोडेच मोड या जुन्या रीतीने स्वतंत्रपणे जुळवतात. पंखाखालच्या इंजिनांचे मोड याचे नमुनेदार उदाहरण. त्यांच्या जोडण्यांतील घर्षण आणि ढिलाई यांमुळे बळ वाढवले की वारंवारता सरकते.

सेतुबंध यांच्यासाठी यातून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. स्टेप्ड साइनमध्ये शिखरावर बळ आणि प्रतिसाद यांचा फेज ९० अंशांवरून नेमका कुठे जातो ते पाहा. आयामाच्या शिखरापेक्षा फेजची ती ओलांड वारंवारता अधिक नेमकी सांगते.

---

नवशिकी

मी अभ्यासक्रमात हॅमर चाचणी (हातोडीच्या ठोक्याने बळ देण्याची) शिकले आहे, शेकर प्रत्यक्ष वापरलेला नाही. प्रयोगशाळेत शेकर आणि नमुना यांच्यामध्ये बारीक सळी का लावतात? शेकर थेट बोल्टने का जोडत नाहीत?

---

प्रयोगशाळा_तीन

त्या सळीला स्टिंगर म्हणतात. आपल्याला फक्त एका दिशेचे बळ द्यायचे असते आणि फोर्स सेलही (बळ मोजणारा सेन्सर) तेवढेच मोजतो. शेकर थेट बोल्टने जोडला तर नमुना वाकताना त्या बिंदूचे वळण शेकरच्या हलत्या भागाने अडवले जाते, म्हणजे न मोजलेले आघूर्ण आणि आडवी बळे नमुन्यावर येतात आणि मोड बदलतात. स्टिंगर लांबीच्या दिशेने ताठ आणि आडव्या दिशेने लवचीक असल्यामुळे बळ जाऊ देतो आणि वळण अडवत नाही.

दोन गोष्टी हाताळताना लक्षात ठेवा. फोर्स सेल स्टिंगरच्या नमुन्याकडच्या टोकाला बसवायचा, शेकरकडच्या नाही. नाहीतर स्टिंगरच्या वस्तुमानाला हलवणारे बळही तुम्ही नमुन्याच्या खात्यावर लिहाल. दुसरे म्हणजे, स्टिंगर शेकरशी सरळ रेषेत आहे का ते डोळ्यांनी न ठरवता असे पाहा: शेकर आणि नमुना आपापल्या जागी पक्के केल्यावर स्टिंगरचे मोकळे टोक सेलच्या आट्यांमध्ये बोटांनी, अजिबात न ओढता, फिरत गेले पाहिजे. ओढून बसवावे लागले तर शेकरची जागा चुकलेली आहे.

स्टिंगरला स्वतःचे आडवे मोड असतात. एफआरएफमध्ये एखादा लहान, कुठल्याच मोड शेपशी न जुळणारा दाता दिसला तर स्टिंगरची लांबी बदलून पुन्हा मोजा. दाता हलला तर तो नमुन्याचा नव्हता.

---

नवशिकी

फार स्पष्ट समजले, आभारी आहे. मग शेकर बंद करून नमुना आपोआप शांत होतानाची नोंद घेतली, तर डॅम्पिंग थेट मिळेल का?

---

मंदगती

मिळते, पण एका अटीवर. शेकर स्टिंगरने जोडलेलाच राहिला आणि व्होल्टेज पद्धतीचा अ‍ॅम्प्लिफायर चालू राहिला, तर हलणारी कॉइल चुंबकीय क्षेत्रात वीज निर्माण करते, ती अ‍ॅम्प्लिफायरमधून वाहते आणि कॉइल ब्रेकसारखी वागते. मोजलेले डॅम्पिंग नमुना अधिक शेकर असे दोघांचे असते. करंट पद्धतीत हा परिणाम जवळजवळ नाहीसा होतो. सर्वांत चांगले म्हणजे स्टिंगर क्षणात सुटेल अशी व्यवस्था.

पुलावरच्या सरकत्या वस्तुमानाच्या शेकरालाही हे लागू आहे. सिग्नल तोडला तरी वस्तुमान त्याच्या मऊ स्प्रिंगांवर डोलत राहते आणि पुलाला बळ देत राहते. मुक्त क्षय नोंदवायचा असेल तर वस्तुमान यांत्रिक पद्धतीने अडकवून ठेवावे लागते.

---

अनुनाद

स्टेप्ड साइनच्या आकड्यावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये, म्हणून ही भर. २.५ हर्ट्झ आणि ०.५ टक्का असताना प्रतिसादाचा कालस्थिरांक १ भागिले (२π × २.५ × ०.००५), म्हणजे पावणेतेरा सेकंदांच्या आसपास येतो. नवीन पायरीवर गेल्यानंतर जुन्या पायरीचा अवशेष एक टक्क्यावर यायला त्याच्या साडेचार पटींहून थोडा जास्त, म्हणजे सुमारे एक मिनिट लागतो. त्याआधी नोंद सुरू केली तर शिखर पूर्ण उंची गाठत नाही आणि डॅम्पिंग जास्त दिसते. सतत सरकणारा साइन वापरला आणि तो वेगाने सरकवला तर आणखी एक दोष येतो: वर जाताना शिखर थोडे वर आणि खाली येताना थोडे खाली दिसते.

सेतुबंध, प्रत्येक पायरीवर किती थांबला होतात? आणि शिखराच्या रुंदीत ०.०१ हर्ट्झच्या दोन-तीनच पायऱ्या बसतात, त्या पुरेशा नाहीत.

---

ताम्रपट

थोडे विषयांतर, पण याच विषयातले. वारंवारता हा तरी स्थिर आकडा आहे असे आपण धरून चालतो, तेही सावधपणे धरावे. कॅलिफोर्नियातील कॅलटेक संस्थेची मिलिकन ग्रंथालयाची (आता कॅलटेक हॉल) नऊ मजली काँक्रीट इमारत १९६७ पासून मोजली जात आहे आणि तिच्या छतावर विकेंद्री वस्तुमानाचा शेकर कायमचा बसवलेला आहे. १९७१ च्या सान फर्नांडो भूकंपासह अनेक हादऱ्यांनंतर तिची पूर्व-पश्चिम दिशेची मूळ वारंवारता सुमारे २२ टक्के आणि उत्तर-दक्षिण दिशेची सुमारे १२ टक्के उतरलेली आढळली. शिवाय जोरदार पाऊस, वारा आणि तापमान यांच्याबरोबर ती थोडी वरखाली होत राहते.

या शेकरमध्ये विरुद्ध दिशांनी फिरणारी, अक्षाबाहेर बसवलेली वस्तुमाने असतात. त्यांची आडवी बळे एकमेकांना काटतात आणि एका सरळ रेषेत साइन बळ उरते. हे बळ वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून प्रतिसाद त्याने भागल्याशिवाय शिखर वाचू नये, नाहीतर ते किंचित वर सरकलेले दिसते.

---

सेतुबंध

@ताम्रपट, तापमानाचा परिणाम पुलांवरही इतकाच असतो का?

---

ताम्रपट

काही पुलांवर त्याहून जास्त असतो. स्वित्झर्लंडमधील झेड२४ हा पूर्वताणित काँक्रीटचा पूल पाडण्याआधी १९९७-९८ मध्ये जवळजवळ वर्षभर नोंदीखाली होता. तापमान गोठणबिंदूच्या खाली गेले की त्याच्या वारंवारता झपाट्याने वाढत, कारण थंडीत डांबरी थर ताठ होऊन पुलाच्या ताठरपणात भर घालत असे. शेवटच्या काही आठवड्यांत त्या पुलाचे टप्प्याटप्प्याने नुकसान करून प्रत्येक टप्प्यावर शेकर लावून मोजणी केली गेली, आणि त्या नोंदींवर जगभरच्या संशोधकांनी आपापल्या पद्धती तपासल्या.

त्याआधी १९९३ मध्ये न्यू मेक्सिकोतील रिओ ग्रांदे नदीवरच्या आय-४० महामार्गाच्या पुलाचा मुख्य गर्डर टप्प्याटप्प्याने कापून हायड्रॉलिक शेकरने मोजणी केली होती. पहिल्या टप्प्यांत वारंवारतेत घट दिसलीच नाही; गर्डरचा खालचा पट्टा (फ्लँज) पूर्ण कापल्यावरच पहिली वारंवारता २.५ वरून २.३ हर्ट्झच्या आसपास उतरली. वारंवारतेवरून तडे शोधू पाहणाऱ्याने हे दोन पूल शेजारी ठेवून पाहावेत. एकीकडे हवामान पुलाला हात न लावता आकडा हलवते आणि दुसरीकडे गंभीर इजा होऊनही आकडा हलत नाही.

---

वाऱ्यावरची_नोंद

@ताम्रपट, याच कारणासाठी मी दीर्घकाळ चालणाऱ्या नोंदींचा आग्रह धरतो. शेकरची मोजणी एका दुपारची असते. ती दुपार थंड होती की उन्हाची, हे अहवालात कितीजण लिहितात?

---

अनुनाद

हा मुद्दा शंभर टक्के मान्य. डेकचे तापमान प्रत्येक नोंदीसोबत लिहिलेच पाहिजे.

---

सेतुबंध

सर्वांचे मनापासून आभार. नव्या विश्लेषणाचे निकाल असे आहेत. २५६ सेकंदांच्या तुकड्यांनी, निम्मा भाग एकमेकांवर येऊ देऊन, डॅम्पिंग ०.५७ टक्का येते आणि कोहेरन्सचा खड्डा बहुतांशी भरून निघतो. एच१ आणि एच२ आता शिखरावर जवळजवळ एकच आहेत; बळाच्या वर्णपटात दरी अगदी उथळ आहे, म्हणजे स्पंदनवेध यांचा अंदाज बरोबर ठरला. फेजची ९० अंशांची ओलांड दोन्ही नोंदींत एकाच जागी येते. स्टेप्ड साइनमध्ये प्रत्येक पायरीवर दीड मिनिट थांबणे ठेवले होते, त्यामुळे अनुनाद यांनी सांगितलेला अवशेषाचा दोष तेथे नाही, पण पायऱ्या मोठ्या होत्या हे खरे. वर्तुळ जुळवून काढले तर तिथला आकडा ०.४८ टक्का येतो.

आता ०.५७ आणि ०.४८ एवढाच फरक उरला आहे. तो आणखी मिटवण्याच्या मागे लागावे का?

---

स्पंदनवेध

२५६ सेकंदांतही विंडोचा थोडा पसारा उरतो, त्यामुळे ०.५७ मधला काही भाग त्याचा आहे. पुढच्या वेळी बर्स्ट रँडम वापरा: १२० सेकंदांच्या तुकड्यात पहिली ५५-६० सेकंदे रँडम बळ आणि उरलेला वेळ शांत. एक टक्क्यावर यायला सुमारे एक मिनिट लागते हा हिशेब वर आलाच आहे, म्हणजे तुकडा संपेपर्यंत पूल शांत होईल आणि विंडो लावण्याची गरज राहणार नाही. मात्र मंदगती यांनी सांगितलेली गोष्ट येथे विसरू नका. शांत वेळातही सरकते वस्तुमान डोलते, म्हणून त्याच्या त्वरणाची नोंद चालूच ठेवा. ते बळ मोजलेले असले की एफआरएफमध्ये दोष येत नाही.

---

मंदगती

चाचणीच्या वेळी डेकवर माणसे किती होती? हलक्या पुलावर उभी असलेली माणसे केवळ वजनाची भर घालत नाहीत, त्यांची शरीरे डॅम्पिंगही वाढवतात. रँडमच्या वेळी चमूतील सगळे वर आणि साइनच्या वेळी एकटा शेकर चालवणारा, असे असेल तर हा उरलेला फरक तेथूनही येऊ शकतो.

---

सेतुबंध

हे खरोखरच तपासण्यासारखे आहे. रँडमच्या नोंदीच्या सुरुवातीला दोघेजण कडेचे सेन्सर पाहत डेकवर होते, नंतर ते खाली उतरले. नोंदीचा तेवढा भाग वगळून पुन्हा काढतो.

---

पंख_आणि_कणा

उरलेल्या फरकाचा काही भाग खराही असू शकतो. साइनमध्ये शिखरावर सगळी ऊर्जा एका वारंवारतेत जाते, त्यामुळे पूल रँडमपेक्षा मोठ्या आयामाने हलतो. बेअरिंगांतील घर्षण आयामाप्रमाणे वेगळे वागते: हालचाल लहान असताना बेअरिंग चिकटून राहते, थोडी वाढली की घसरू लागते आणि ऊर्जा खाते, आणि आणखी वाढली की घर्षणात जाणारा वाटा एकूण ऊर्जेच्या मानाने घटतो. तेव्हा कुठल्या आयामाला कुठले डॅम्पिंग, हे सांगितल्याशिवाय ०.४८ आणि ०.५७ यांची तुलना अपुरी आहे. साइन दोन वेगळ्या बळांवर घ्या, एक दुसऱ्याच्या दुप्पट. दोन एफआरएफ एकमेकांवर तंतोतंत बसले तर पूल त्या पट्ट्यात रेषीय आहे. न बसल्यास दोन्ही आकडे आपापल्या आयामासह अहवालात द्या, सरासरी काढू नका.

---

नवशिकी

आणखी एक विचारते. सेन्सर दोन्ही कडांना का लावले? पहिला मोड वाकण्याचाच असेल तर एक कड पुरली नसती का?

---

स्पंदनवेध

एका कडेवरून पाहिले तर वाकण्याचा पहिला मोड आणि पिळाचा पहिला मोड हुबेहूब सारखे दिसतात: दोन्हींत ती कड मध्यावर सर्वांत जास्त हलते आणि टोकांना स्थिर असते. फरक फक्त समोरच्या कडेवर कळतो. वाकण्यात ती याच दिशेने जाते, पिळात उलट. दोन मोड शेपची तुलना करण्यासाठी १९८२ मध्ये अ‍ॅलेमँग आणि ब्राउन यांनी मांडलेला मॅक हा निर्देशांक वापरतात, आणि सेन्सर एकाच कडेला असतील तर या दोन वेगळ्या मोडसाठी तो १ च्या जवळ, म्हणजे दोन्ही एकच असल्यासारखा, येईल. निर्देशांकाचा यात दोष नाही, त्याला दिलेली माहितीच अपुरी आहे.

शेकरच्या जागेलाही हेच लागू आहे. तो डेकच्या मध्यरेषेवर ठेवला तर पिळाच्या मोडचा निस्पंद भाग तेथेच असतो आणि तो मोड जवळजवळ दिसतच नाही.

---

सेतुबंध

शेकर मध्यरेषेवरच होता, आणि त्यामुळे पिळाचा मोड फार अस्पष्ट आला आहे. दोन बळांवरच्या साइनसाठी पुलावर परत जावेच लागणार, तेव्हा एक फेरी शेकर कडेजवळ ठेवून घेतो.

---

वाऱ्यावरची_नोंद

परत जाणारच असाल तर शेकर लावण्याआधी सगळे सेन्सर जागेवर ठेवून अर्धा-पाऊण तास नुसत्या वाऱ्याची आणि वर्दळीची नोंद घ्या. पिळाचा मोड कुठल्या वारंवारतेला आहे ते त्यातून आधीच कळेल आणि शेकरचा पट्टा ठरवता येईल. शेकर कडेला नेल्यावर सरकत्या वस्तुमानाची आणि डेकवरच्या त्याच बिंदूची नोंद एकाच घड्याळावर असू द्या, आणि त्या बिंदूच्या एफआरएफचा काल्पनिक भाग सर्व शिखरांवर एकाच चिन्हाचा येतो का ते पूल सोडण्याआधी, जागेवरच तपासा.